मीटिंग शोधताना आधी शेवटची बस बघा

खानापूर तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. वय 38, उद्यमबागेत फाउंड्रीत काम, सहाला शिफ्ट सुटते. व्यसनमुक्ती केंद्रात 21 दिवस राहून आले, दारू बंद होऊन 40 दिवस झाले. केंद्रातून निघताना 'एएच्या मीटिंगा सोडू नका' एवढंच सांगितलं. (एए म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली संघटना.) कुठल्या, कुठं, काही नाही. त्यांचं विचारणं असं: बेळगावात मीटिंग शोधायची कशी? कन्नड धड येत नाही, चालेल का? गावात कळलं तर? तिथं देव-देव करतात म्हणे, आणि माझ्या गळ्यात तर माळ आहे. मुळात जायलाच पाहिजे का, 40 दिवस तसे बरे गेलेत की. जाताना काही न्यावं लागतं का?

मी बेळगावात मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून 22 वर्षं काम केलं. मी स्वतः पिणाऱ्यांतली नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये बसलेल्याच्या मनात काय चालतं ते मी ऐकूनच सांगू शकते. ओपन, म्हणजे कुणालाही येता येतं अशा मीटिंगांना मात्र मागच्या बाकावर बसून बक्कळ चहा प्यायलेय, आणि कोण टिकतं, कोण दुसऱ्या आठवड्यात गळतं, हे बघितलंय.

भाऊ, तुमच्या मूळ प्रश्नात 'कुठं' हा शब्द तीनदा आलाय आणि 'कधी' एकदाही नाही. तुमची खरी अडचण तिथं आहे असं मला वाटतं. मीटिंगा बहुतेक ठिकाणी संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होतात आणि तास-दीड तास चालतात. तुमचं घर खानापूर रस्त्याला, म्हणजे सहाला सुटल्यावर घराकडं पाठ करून शहरात यायचं, साडेआठला सुटायचं आणि मग गावची बस शोधायची. गावात शिरणारी शेवटची गाडी तोवर निघून गेली असेल तर फाट्यावर उतरून अंधारात चालायचं. पहिल्या दिवशी माणूस हे उत्साहात करतो. चौथ्या दिवशी पाऊस असतो.

म्हणून मी माझ्या पेशंटना ग्रुपच्या यादीआधी बसचं वेळापत्रक विचारत असे. तुमच्या गावची शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर फाट्यापर्यंत टमटम मिळते का, शिफ्ट कधी बदलते, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी. हे कागदावर लिहा आणि त्यात बसणारी मीटिंग शोधा. नावाजलेला ग्रुप शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि साधासा ग्रुप सीबीटीपासून, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असेल, तर साधा घ्या. सुट्टीच्या दिवशी सकाळची मीटिंग मिळाली तर सोनंच.

आता शोधायची कशी. पहिला फोन तुम्ही जिथं राहून आलात त्या केंद्रालाच करा. तिथल्या समुपदेशकाला सरळ म्हणा, 'बेळगावातल्या एका एए मेंबरचा नंबर द्या, त्याला विचारून द्या.' बहुतेकांकडं असतो, ते द्यायचं विसरतात. तिथून काही निघालं नाही तर जिल्हा रुग्णालय किंवा केएलई रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत जाऊन समाजसेवकाला गाठा. डॉक्टरांच्या रांगेत बसायची गरज नाही, दारात विचारलं तरी सांगतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर गावोगावच्या संपर्काची माहिती असते. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन 14446 मोफत आहे. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालतो आणि त्यावर भाषा निवडता येते.

हे वाचणाऱ्या निपाणीकडच्या मंडळींनी बेळगावचा हट्ट धरू नये, त्यांना कोल्हापूर जवळ आहे आणि तिथं मराठी मीटिंगा आहेत. चंदगडच्या माणसानं बेळगाव आणि गडहिंग्लज दोन्हीकडं चौकशी करावी. राज्याची हद्द मीटिंगला लागू होत नाही. ज्यांना कन्नड येतं त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेतर्फे कर्नाटकभर गावांत आठ-आठ दिवसांची मद्यवर्जन शिबिरं भरतात, आणि शिबिर केलेल्यांच्या 'नवजीवन समिती' नावाच्या बैठका नंतर चालू राहतात. ती एए नव्हे, तिची पद्धत वेगळी, पण जिच्यापर्यंत चालत जाता येतं अशी बैठक मी कधी कमी लेखली नाही.

यादी मिळाली की थेट जाऊ नका. इथं माझीच चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी वडगावच्या एका विणकराला मी वॉर्डातल्या फळ्यावरचा पत्ता लिहून दिला होता. मीटिंग एका शाळेच्या खोलीत भरायची. नेमकी दहावीची परीक्षा लागलेली, त्यामुळे ग्रुप पंधरा दिवसांपुरता दुसरीकडं हललेला. फळ्यावरचा पत्ता मी तपासला नव्हता. हा बिचारा पावणेसातला पोचला, फाटकाला कुलूप. पंधरा मिनिटं उभा राहिला. कोपऱ्यावर बार होता. पाच महिन्यांनी तो पुन्हा वॉर्डात आला तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाला, 'मॅडम, मी गेल्तो खरं. कुलूप होतं.' मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या दिवशी जायचं त्याच दिवशी दुपारी ग्रुपच्या माणसाला फोन. खोल्या उसन्या असतात, शाळेच्या किंवा चर्चच्या. परीक्षा, निवडणूक, कुणाचं लग्न, कशानंही जागा बदलते. फोनवर तीन गोष्टी विचारा. आज मीटिंग नक्की आहे ना? कुठल्या दारानं आत यायचं? आणि दारात कुणी उभं राहील का? तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटेल, तरी तोच सगळ्यात कामाचा. नव्या माणसासाठी बाहेर येऊन थांबणं हे तिथल्या जुन्यांना ओझं वाटत नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणं त्यांची स्वतःची दारू त्यानंच दूर राहते.

एएचा जन्मही असाच एका फोनमधून झाला. 1935च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामानं अॅक्रन गावात आला होता. पाचेक महिने दारू बंद होती. सौदा फिसकटला, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या दालनात एका बाजूला बार. बारमध्ये शिरण्याऐवजी तो तिथल्या चर्चच्या यादीवरून एकेकाला फोन करत सुटला, की या गावात माझ्यासारखा दुसरा दारुडा कुणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून एका डॉक्टरशी गाठ पडली. त्या डॉक्टरनं शेवटचा घोट घेतला तो दिवस, 10 जून 1935, एएचा वाढदिवस धरतात. यातलं ध्यानात ठेवण्यासारखं एवढंच की उपदेश करणारा माणूस त्यानं शोधला नाही, स्वतःसारखाच शोधला.

आता भाषा. बेळगावात मीटिंगमध्ये कन्नड, मराठी, कोकणी, हिंदी सगळं कानावर पडतं. बोलणारा आपल्या भाषेत बोलतो, शेजारचा समजेल तेवढं समजून घेतो. वाचन कन्नडमध्ये झालं तर मराठी पुस्तिका मागून घ्या. एएच्या बारा परंपरांमधली, म्हणजे ग्रुप चालवायच्या तत्त्वांमधली दहावी सांगते की बाहेरच्या वादांवर संघटना मत देत नाही. 1 नोव्हेंबरला आपल्या शहरात एकीकडं राज्योत्सव आणि एकीकडं काळा दिवस असतो. त्या संध्याकाळीही मी दोन्हीकडची माणसं एका बाकावर बसून एकमेकांना बिस्किटं देताना बघितलीत. सीमाप्रश्नावर एवढी शांतता मला बेळगावात दुसरीकडं कुठं आढळलेली नाही.

गावात कळेल, ही भीती मात्र उडवून लावण्यासारखी नाही. तिथं हजेरीपट लागत नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि आत दिसणारा ओळखीचा माणूस तुमच्यासारखाच काही सांगायला आलेला असतो. तरी खानापूरकडची माणसं बेळगावच्या बाजारात रोज असतात. कुणीतरी बघेल, आणि गुपित फार दिवस टिकेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण भाऊ, तुम्ही पिता हे गावाला ठाऊकच होतं. तुम्हाला लपवायचंय ते सोडताय हे. कारण उद्या परत प्यालात तर लोक हसतील. ही भीती मला पूर्ण समजते. माझा सल्ला इतकाच की घरात बायकोला आणि कामावर एका भरवशाच्या माणसाला स्पष्ट सांगा, बाकीच्यांना 'डॉक्टरकडं फॉलोअपला जातो' एवढं पुरे. ते खोटंही नाही.

आत गेल्यावर काय होतं? थोडी शांतता, प्रार्थना, पुस्तिकेतलं वाचन, मग एकेकजण नाव सांगून 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि आपलं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ले देत नाही, वकिली करत नाही. तुमची पाळी आली की 'मी आज ऐकायला आलोय' म्हटलं तरी चालतं. एका पेशंटनं मला अटच घातली होती, 'जातो की मॅडम, खरं मला बोलायला लावू नका.' सहा आठवडे तो फक्त चहाचे कप धूत होता. सातव्या आठवड्यात बोलला ते चाळीस मिनिटं, त्याला थांबवावं लागलं. फी नाही. शेवटी एक टोपी किंवा पेटी फिरते, त्यात मेंबर स्वखुशीनं पैसे टाकतात, खोलीभाडं आणि चहा त्यातून निघतो. पहिल्या दिवशी काही टाकू नका. मीटिंगचे दोन प्रकार असतात: क्लोज्ड म्हणजे फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायचीय त्यांच्यासाठी, ओपन म्हणजे कुणालाही. पहिल्यांदा ओपनला जाऊन वहिनींना बरोबर न्यायचं का, हे तुमच्या घरच्या वातावरणावर आहे. दोघांत अजून धुसफूस चालू असेल तर एकटे जा. वहिनींसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात, जवळ नसेल तर फोनवर किंवा ऑनलाइन.

सगळे ग्रुप चांगलेच असतात असंही नाही. काही ठिकाणी दोन-तीन जुनी मंडळी माईक सोडत नाहीत. काहीजण पिण्याच्या दिवसांचं वर्णन इतकं रंगवून करतात की नव्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटावं. कुठं कुणी तुम्हाला 'गोळ्या म्हणजे पण नशाच, बंद कर' असं सांगेल. तो सल्ला ऐकू नका. डॉक्टरनं दिलेलं औषध डॉक्टरच बंद करेल, आणि एएचं स्वतःचं साहित्यसुद्धा मेंबरांनी डॉक्टरकी करू नये असंच म्हणतं. एका ग्रुपला पाच-सहा वेळा द्या, मग ठरवा. पहिली मीटिंग जवळजवळ कुणालाच आवडत नाही. आणि मीटिंगमधल्या ओळखीवर पैसे देऊ नका, घेऊ नका, जामीन तर राहूच नका. यावरून मोडलेली सोब्रायटी, म्हणजे दारूपासून दूर राहणं, मी बघितलीय.

देवाचं. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारू सोडायच्या त्यांच्या टप्प्यांमध्ये देव आहे, हे खरं. पण 'आम्हाला जसा समजला तसा' असं तिथंच लिहिलेलं आहे. तुमच्या गळ्यात माळ आहे, म्हणजे तुम्हाला विठ्ठल घेऊन तिथं बसायला काहीच अडचण नाही. न मानणारेही बसतात आणि ग्रुपलाच आपली मोठी शक्ती म्हणतात. माळेनं सुटलेली माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत, मला तिच्याबद्दल आदर आहे. अडचण येते ती स्लिप झाल्यावर. माळ घातलेला माणूस एकदा प्याला की लाजेनं माळ काढून ठेवतो, भजनाला जायचं बंद करतो, म्हणजे जिथं आधार होता तिथूनच आपण होऊन बाहेर पडतो. मीटिंगमध्ये स्लिप झालेला दुसऱ्या दिवशी येतो आणि 'काल प्यालो' म्हणून सांगतो. त्याला चहा मिळतो. माळ आणि मीटिंग दोन्ही ठेवा.

यालाच जोडून एक समज. 'मी श्रावण कडक पाळतो, म्हणजे मला व्यसन नाही' किंवा 'अय्यप्पाची माळ 41 दिवस घालतो तेव्हा शिवत पण नाही.' गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांपैकी काहीजण मला श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात वॉर्डात भेटायचे, हात थरथरतायत, घाम, भिंतीवर किडे दिसतायत. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. तुमचे 40 दिवस झालेत, तुम्हाला आज हा धोका नाही. पण मधे कधी घसरून आठ-दहा दिवस सलग प्यालात, तर घरी बंद करू नका. आधी दवाखाना, मग मीटिंग. मीटिंग हा त्यावर उपचार नाही. घरातल्यांनाही सांगते, जेवणात गुपचूप मिसळायच्या गोळ्या-पावडरी आणू नका. त्यातल्या काहींवर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, आणि माणसाला आपल्याला काय दिलंय तेही ठाऊक नसतं.

मग जायलाच पाहिजे का? सगळ्यांना पाहिजेच असं मी म्हणणार नाही. औषध, समुपदेशन आणि घरच्यांच्या साथीवर राहिलेली माणसं मला ठाऊक आहेत. 2020 साली 27 अभ्यासांचा, साडेदहा हजार लोकांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडं नेणारे उपचार इतर पद्धतींपेक्षा सरस किंवा निदान बरोबरीचे ठरले. हे अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, ते आपल्या खानापूर तालुक्याला जसेच्या तसे लागू करायला मी धजावणार नाही. माझं कारण साधं आहे. केंद्रात तुमची संध्याकाळ दुसरं कुणीतरी भरत होतं. आता सहाला शिफ्ट सुटल्यापासून नऊला जेवेपर्यंत तीन तास तुमचे आहेत, आणि गेली 15-20 वर्षं ते तीन तास बाटलीचेच होते. 40 दिवस बरे गेले, उत्तमच. पण आता गणपती येतील. मिरवणुकीत तुम्ही सांभाळाल, तिथं सगळे बघत असतात. सांभाळायचा दिवस तो नंतरचा, मंडळाच्या श्रमपरिहाराचा. त्या संध्याकाळी मीटिंग असेल तर मीटिंगला, नसेल तर ज्याच्याशी चार वेळा बोललायत अशा मेंबरकडं जा.

'90 दिवसांत 90 मीटिंगा' असं जुने लोक सुचवतात. मुंबईत जमत असेल, तुमच्या बसच्या हिशोबात नाही, आणि न जमल्याची टोचणी लावून घेऊ नका. आठवड्याला दोन प्रत्यक्ष मीटिंगा आणि उरलेल्या दिवशी एक फोन, एवढं धरा. मराठीत ऑनलाइन मीटिंगाही चालतात. कणकुंबी-जांबोटीकडं जिथं रेंज येते-जाते तिथं कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाज ऐकला तरी भागतं. तरी पहिले तीन महिने ऑनलाइनवरच विसंबू नका, बटण दाबून बाहेर पडणं फार सोपं असतं. दोन-तीन महिन्यांत एखादा माणूस मनात भरेल, वर्षापेक्षा जास्त सोबर असलेला आणि पुरुषच. त्याला 'माझे स्पॉन्सर व्हाल का', म्हणजे मला वाट दाखवणारे जुने सोबती व्हाल का, म्हणून विचारा. नाही म्हणाला तर दुसऱ्याला.

बायकांबद्दल एक ओळ, कारण अशा उत्तरांत ती राहूनच जाते. पिणाऱ्या बायका आपल्याकडं आहेत, मीटिंगला फार थोड्या येतात. वाचणारी कुणी असेल तर तिनं आधी फोनवर दुसऱ्या महिला मेंबरचा नंबर मागावा, एकटीनं अनोळखी खोलीत जायची गरज नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न, जाताना काही न्यावं लागतं का. काही नाही. चपला शाळेच्या खोलीत काढत नाहीत, इतर ठिकाणी दारात बघून ठरवा. मोबाइलचा आवाज बंद. मात्र पोटात काहीतरी घालून जा. भट्टीसमोर आठ तास उभं राहून सहाला सुटलेल्या माणसाला जी तलफ वाटते त्यातली अर्धी भूक असते, आणि तुमचा शहरात यायचा रस्ता दोन-चार बारांवरून जातो. गेटवरच दोन केळी खा, एक चहा घ्या, मगच सीबीटीची बस धरा. आणि दुपारच्या सुट्टीत तो फोन तेवढा विसरू नका.